छावणीबाहेरचे सात दिवस

शास्त्रपाठ : गणना १२:१-१६; लेवीय १३ व १४; लूक १७:११-१९

साथीच्या काळात परदेशाहून घरी परतणाऱ्या मनुष्याने कसे वागावे, आणि घरी असलेल्यांनी त्याला कसे घ्यावे, हा प्रश्न २०२० साली आपल्यापैकी पुष्कळांच्या दारात येऊन उभा राहिला होता. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले आणि त्याबरोबर आपणही तो प्रश्न गुंडाळून ठेवला. परंतु जे उत्तर आपण घाईत आणि भीतीत दिले, ते पुन्हा एकदा शांतपणे देवाच्या वचनापुढे ठेवून पाहणे हे ख्रिस्ती मनुष्याचे कर्तव्य आहे. साथी पूर्वी आल्या, पुढेही येतील. त्या वेळी विचार करायला सवड मिळत नाही. तो आजच केलेला बरा.

हा प्रश्न आम्हाला कसा भेटला ते प्रथम सांगतो. आमच्या सीमाभागातील मंडळीचा एक तरुण आखातातील एका हॉटेलात कामाला होता. २०२० च्या मार्च महिन्यात हॉटेल बंद झाले, पगार थांबला. एका खोलीत आठ जण राहत होते. २२ मार्चपासून परदेशाहून येणारी प्रवासी विमाने आपल्या सरकारने थांबवली होती, त्यामुळे परतीची वाटही बंद. पुढे ७ मेपासून ‘वंदे भारत’ योजनेखाली विमाने सुरू झाली, आणि जूनमध्ये उसनवारीने भाडे भरून तो मायदेशी आला. २४ मेच्या सरकारी नियमाप्रमाणे त्याने सात दिवस स्वखर्चाने एका लॉजमध्ये काढले. उरलेले सात दिवस घरीच अलग राहायचे होते.

पण घर म्हणजे दोन खोल्या, आणि घरात सत्तरी ओलांडलेली मधुमेही आई. शेजाऱ्यांनी आधीच बजावले होते की त्याला गल्लीत आणू नका. त्याने लॉजमधून आम्हाला फोन केला आणि विचारले, “काका, मी घरी जाऊ की नको? तुम्ही सांगाल तसे करतो.”

आम्ही त्याला १ करिंथ १०:२४ वाचायला सांगितले. आपलेच हित न पाहता दुसऱ्याचे हित पाहावे, हा त्या वचनाचा आशय. उत्तर चुकीचे नव्हते. मग त्याने चाचरत विचारले, “मंदिरामागची खोली रिकामी आहे ना?” पाहुण्या उपदेशकांसाठी बांधलेली ती खोली तीन महिने कुलपात होती. आम्ही पंचांपुढे विषय काढला. दोघांनी मान हलवली, एकाने मंडळीत घबराट होईल असे म्हटले, आणि आम्ही गप्प बसलो. तो तरुण गावाबाहेर एका नातलगाच्या शेतातील पत्र्याच्या खोपीत सात दिवस राहिला.

या प्रसंगात प्रश्न दोन आहेत आणि ते वेगळे ठेवले पाहिजेत. पहिला परतणाऱ्याचा, दुसरा आपला.

परतणाऱ्याचा हक्क

संकटात मनुष्याला घरी यावेसे वाटणे यात काही पाप नाही. दूर देशी दुष्काळ पडला तेव्हा उधळ्या पुत्राला बापाचे घर आठवले. आखातात, जहाजांवर, परक्या शहरांत अडकलेले आपले लोक तर उधळेही नव्हते. आईबापांची औषधे आणि भावंडांची फी त्यांच्याच पैशांवर चालत होती. १० मे २०२० रोजी नौदलाचे ‘जलाश्व’ हे जहाज मालदीवहून ६९८ जणांना घेऊन कोचीला लागले. त्या दिवशी कित्येक घरांतून उपकारस्तुती झाली असेल, आणि ती योग्यच होती. ज्या घराने मनुष्याला कमवायला पाठवले, त्या घराने त्याला हातपाय चालेनासे झाल्यावर ओळख न दाखवणे हा अन्याय आहे.

परंतु हक्क असणे ही एक गोष्ट आणि तो हवा तसा बजावणे ही दुसरी. रोग प्रवाशाबरोबर प्रवास करतो, हे आपल्या भागाने फार पूर्वी पाहिले आहे. १९१८ सालचा इन्फ्लुएंझा मुंबई बंदरातून देशात शिरला. २५ मार्च २०२० रोजी गोव्यात कोरोनाचे पहिले तीन रुग्ण सापडले, तेही तिघे परदेश प्रवास करून आलेले होते. यात त्यांचा अपराध काही नव्हता. तरीपण आपल्याबरोबर नकळत काय येत असेल याची ज्याला कल्पना आहे, त्याच्यावर ती कल्पना असल्यामुळेच एक जबाबदारी येते.

येथे काही विश्वासणारे म्हणतात, “देव आपल्या लोकांचे रक्षण करील, मग अलग राहण्याची गरज काय?” आणि ते ९१ वे स्तोत्र पुढे करतात. त्यांनी मत्तयाचा चौथा अध्याय उघडून पाहावा. मंदिराच्या शिरोभागी सैतानाने प्रभूपुढे नेमके हेच स्तोत्र ठेवले होते, आणि प्रभूने देवाची परीक्षा पाहण्यास नकार दिला. स्तोत्र खरे आहे, पण ते उडी मारण्याचा परवाना नाही. शिवाय ही उडी आपण एकटे मारत नाही. आपल्याबरोबर आई, शेजारी, दूध घालणारा मुलगा, या सर्वांना त्यांना न विचारता ओढतो. स्वतःच्या जिवावर उदार होण्याला कोणी विश्वास म्हणेल. दुसऱ्याच्या जिवावर उदार होण्याला शास्त्रात तसे नाव नाही.

१५२७ साली विटेनबर्ग शहरात प्लेग आला तेव्हा मार्टिन लूथर शहर सोडून गेला नाही. त्याच वर्षी ब्रेस्लाव येथील योहान हेस या पाळकाला उत्तर म्हणून त्याने मरीपासून पळून जावे की नाही याविषयी एक पत्र लिहून प्रसिद्ध केले. त्यात तो दोन्ही बाजूंच्या लोकांना दोष देतो. शेजाऱ्याला टाकून पळणाऱ्याला तो दोष देतो, आणि औषध व खबरदारी यांना तुच्छ मानून देवाची परीक्षा पाहणाऱ्यालाही दोष देतो. आजार लपवून लोकांत मिसळणाऱ्यांविषयी त्याचे शब्द फारच कडक आहेत. सुधारणेच्या त्या पुढाऱ्याला विश्वास आणि सावधगिरी यांत विरोध दिसला नाही. आपल्यालाही दिसण्याचे कारण नाही.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की, परतणाऱ्याने यावे, पण खरे सांगून यावे आणि ठरलेले दिवस बाहेर थांबावे. येणे पाप नाही. लपवणे पाप आहे.

दार लावणाऱ्यांचे कर्तव्य

आता दुसरा प्रश्न, आणि तो आपल्याला अधिक जड जाणार आहे.

अलग ठेवण्याची चाल नवीन नाही. १३७७ साली रगुसा शहराने, म्हणजे आजच्या क्रोएशियातील दुब्रोव्निकने, प्लेगच्या भागातून येणाऱ्याने एक महिना शहराबाहेर थांबावे असा कायदा केला. तो परक्यांना होता तसाच स्वतःच्या नागरिकांनाही होता. पुढे व्हेनिसमध्ये चाळीस दिवसांची रीत पडली, आणि ‘क्वारंटाइन’ हा शब्द त्या चाळीस या आकड्यावरूनच आला आहे. पण त्याच्याही कितीतरी शतके आधी लेवीयच्या तेराव्या अध्यायात सात दिवस कोंडून ठेवणे, पुन्हा तपासणे, पुन्हा सात दिवस, असा नियम आपण वाचतो. तेव्हा दार लावणे हेच मुळात निर्दयपणाचे आहे असे म्हणता येत नाही.

मात्र आपण तेराव्या अध्यायावर थांबतो. चौदाव्याच्या तिसऱ्या वचनात याजकाने छावणीबाहेर जाऊन त्या मनुष्याला पाहावे असे सांगितले आहे. बाहेर राहणे हे रोग्याचे काम, आणि बाहेर जाणे हे याजकाचे काम. नियमाचे हे दोन भाग आहेत. २०२० साली आम्ही पहिला भाग त्या तरुणाला फोनवरून शिकवला आणि आमच्या वाट्याचा दुसरा भाग सोडून दिला. सर्व विश्वासणारे याजक आहेत असे आपण प्रॉटेस्टंट लोक अभिमानाने सांगतो. मग त्या शेतापर्यंत जायला कोणी का निघाले नाही? बांधावर उभे राहून, तोंडाला रुमाल लावून, दहा पावलांवरून प्रार्थना करता आली असती. लूकच्या सतराव्या अध्यायातील दहा कुष्ठरोगी दूर उभे राहूनच ओरडले, आणि प्रभूने त्यांचे ऐकले.

अलग ठेवणे आणि टाकून देणे यांत फरक काय, याचे उत्तर गणनाच्या बाराव्या अध्यायात आहे. मिर्यामेला सात दिवस छावणीबाहेर ठेवले. तिच्या बाबतीत तो रोग शासन होता. प्रत्येक आजारी किंवा प्रवासी मनुष्याला तसे समजण्याची मोकळीक आपल्याला नाही, कारण योहानाच्या नवव्या अध्यायात जन्मांधाविषयी प्रभूने हाच समज खोडून काढला आहे. पण आपला विषय पंधराव्या वचनाचा आहे. मिर्यामेला परत आत आणीपर्यंत लोकांनी पुढे कूच केले नाही, असे ते वचन सांगते. सगळी छावणी तिच्यासाठी सात दिवस खोळंबली. लेकरेबाळे, गुरेढोरे, सामानसुमान, सर्व थांबले. ती बाहेर होती, पण मोजणीतून वगळलेली नव्हती. ज्याच्यासाठी आपण थांबतो तो अलग असतो. ज्याला मागे ठेवून आपण चालू लागतो तो टाकलेला असतो.

आमच्यापैकी एक भाऊ म्हणाले, “आम्ही भ्यालो होतो. भिणे पाप आहे काय?” नाही. गेथशेमानेत प्रभूचाही जीव व्याकूळ झाला. परंतु भीती मनुष्याला दार लावायला सांगते तेवढ्यावर थांबत नाही. ती आत असलेल्याला नाव ठेवायला सांगते. ‘बाहेरून आलेला’ हे त्या दिवसांत वर्णन राहिले नव्हते, तो शिक्का झाला होता. आपल्या मराठी मंडळ्यांना निराळे उदाहरणही ठाऊक असायला हवे. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या व्यवस्थेखाली स्त्रियांची जी हेळसांड होत होती, तिच्याविरुद्ध पंडिता रमाबाईंनी वृत्तपत्रात उघडपणे लिहिले. साथीचे नाव पुढे करून माणसाची अप्रतिष्ठा करता येत नाही, हे त्यांनी त्या काळी सत्तेला सांगितले. आम्हाला मात्र पंचांच्या बैठकीत चार माणसांपुढे बोलवले नाही.

आणखी एक परतणारे

परतणारे केवळ विमानाने आले नाहीत. ७ मे २०२० रोजी परदेशातील आपल्या बांधवांना आणणारी पहिली विमाने अबुधाबी व दुबईहून केरळात उतरली. दुसऱ्याच दिवशी, ८ मे रोजी पहाटे, जालन्याहून रुळांच्या वाटेने मध्य प्रदेशातील आपल्या गावांकडे निघालेले सोळा मजूर औरंगाबादजवळ करमाड येथे मालगाडीखाली सापडले. चालून थकून ते रुळांवरच झोपले होते. रोग परदेशाहून आला आणि त्याचा मोठा भार ज्यांनी विमान आतून कधी पाहिले नव्हते अशांच्या पायांवर पडला. यासाठी विमानाने आलेल्याला दोष देणे बरोबर नाही. पण ‘आपला माणूस घरी यावा’ अशी प्रार्थना करताना आपला म्हणजे कोण, हे स्वतःला विचारणे बरोबर आहे. चांगल्या शोमरोन्याचा दाखला सांगून प्रभूने एका शास्त्र्याला याच प्रश्नापाशी आणले होते.

शेवटचा बाक

त्या तरुणाची हकीकत पुरी करतो. सात दिवस आमच्या मंडळीतील एक वृद्ध विधवा बाई रोज सकाळी भाकरी, भाजी व पाण्याची कळशी त्या शेताच्या बांधावर ठेवून येत असत. त्या त्याला हाक मारीत, तो खोपीच्या दारात येई, आणि दोघे लांबूनच थोडे बोलत. त्यांनी कोणाची परवानगी मागितली नाही आणि नियमही मोडला नाही. लेवीय चौदा त्यांनी पाळले. त्यावर प्रवचन करणारे आम्ही घरी होतो.

त्याला रोग झालेला नव्हता. २०२१ साली तो पुन्हा कामावर गेला. आता रजेवर आला की उपासनेला येतो आणि दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसतो. पूर्वी तो गायनमंडळात पुढे बसत असे. आम्ही त्याच्याकडे जाऊन क्षमा मागितली. तो म्हणाला, “काका, तुम्ही सांगितले ते बरोबरच होते.” बरोबर होते, यातच आमचा दोष आहे. आम्ही त्याला बरोबर तेवढेच दिले.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती आहे. मिर्यामेची गोष्ट शिकवताना तिला कुष्ठ का झाले एवढ्यावर मुलांना सोडू नका. त्या सात दिवसांत छावणीतले लोक काय करीत होते, हे त्यांना विचारा. आणि पंचांना विनंती की, आपल्या मंदिराजवळ जी रिकामी खोली असेल तिची किल्ली कोणाकडे आहे, आणि पुढच्या वेळी ती कोणासाठी उघडायची, हे साथ नसतानाच ठरवून ठेवा.

आमच्या मंदिरामागच्या खोलीत आता एक खाट, एक स्टोव्ह आणि पाण्याचा पिंप ठेवला आहे. किल्ली त्या विधवा बाईंकडे आहे.