सुनावणीविना निवाडा : पूर्वग्रह, जमात आणि वाचक

१

मराठीत 'पूर्वग्रह' हा शब्द बहुधा निंदाव्यंजक अर्थानेच वापरला जातो. सुसंस्कृत मनाने झटकून टाकावयाचे एक किल्मिष, असा त्याचा रूढ संकेत आहे. या संकेतामागे युरोपीय प्रबोधनयुगाची एक धारणा उभी आहे. मनातील सर्व आगंतुक ग्रह दूर केले की वस्तू जशी आहे तशी बुद्धीला दिसेल, अशी ती धारणा होय. हान्स-गेओर्ग गाडामर या जर्मन तत्त्वचिंतकाने १९६० मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'सत्य आणि पद्धती' या ग्रंथात तिला आव्हान दिले. कोणतेही आकलन कोऱ्या मनाने होत नाही. परंपरेने आणि भाषेने आधीच हाती दिलेल्या काही अपेक्षा घेऊनच माणूस संहितेकडे वळतो. पूर्वग्रह मुळीच असू नयेत असे मानणे हाही, त्याच्या मते, प्रबोधनाचा एक पूर्वग्रहच होता. या संदर्भात गाडामरने जर्मन शब्दाच्या एका जुन्या अर्थाकडे लक्ष वेधले आहे. न्यायालयीन परिभाषेत त्या शब्दाने अंतिम निकालापूर्वी दिलेला अंतरिम निवाडा सूचित होत असे. म्हणजे पूर्वग्रह हा मुळात खोटाच असतो असे नाही; तो तात्पुरता असतो आणि पुढील सुनावणीची वाट पाहत असतो.

साहित्यकृतीच्या अर्थनिर्णयनापुरते हे प्रतिपादन सहज पटण्याजोगे आहे. वाचक एक अपेक्षा घेऊन येतो, संहिता ती फेटाळते किंवा वाकवते आणि वाचक ती दुरुस्त करून पुन्हा वाचू लागतो. परंतु हाच विचार अनेक जाती, जमाती, धर्म आणि वंश यांनी बनलेल्या समाजाला लावला की एक अडचण उभी राहते. संहितेविषयी कोणी कितीही विपरीत ग्रह करून घेतला तरी संहितेला कोणी कोठडीत टाकत नाही. माणसांच्या बाबतीत ग्रह करणारा आणि ज्याच्याविषयी ग्रह केला जातो तो, यांच्या हातची सत्ता क्वचितच समान असते. तेव्हा वर्गीकरण आकलनासाठी अपरिहार्य आहे एवढे मान्य केल्यावरही प्रश्न उरतोच. पूर्वनिवाडा कोणत्या बिंदूपाशी नैतिकदृष्ट्या गर्हणीय ठरतो?

तो असत्य असतो तेव्हा, हे पहिले सुचणारे उत्तर होय. पण ते अपुरे आहे. एखाद्या गटाविषयीचे विधान अंशतः खरे असूनही त्या गटातील व्यक्तीवर अन्याय करू शकते. अधिक समाधानकारक उत्तर वेगळ्या दिशेने शोधावे लागते. ज्याच्याविषयी निवाडा झाला आहे त्याच्या उत्तराला, त्याच्या कृतीला आणि त्याच्या साक्षीला जेव्हा त्या निवाड्यात काही स्थानच उरत नाही, तेव्हा आकलनाची पूर्वअट असलेला ग्रह अन्यायाचे साधन बनतो. गाडामरच्याच रूपकात सांगावयाचे तर अंतरिम निवाडा हाच अंतिम मानला जातो आणि सुनावणी कायमची तहकूब होते.

२

हे रूपक भारतात एकदा अक्षरशः कायदा म्हणून अस्तित्वात आले होते. १८७१ च्या सत्ताविसाव्या कायद्याने सरकारला संपूर्ण जमात 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करण्याचा अधिकार दिला. प्रथम उत्तर भारतापुरता असलेला हा कायदा १९११ च्या नव्या कायद्याने देशभर लागू करण्याजोगा झाला आणि १९२४ मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. अधिसूचित जमातीतील माणसांची नोंदवही ठेवली जाई. बोटांचे ठसे घेतले जात. हजेरी द्यावी लागे. परवान्यावाचून नेमून दिलेल्या हद्दीबाहेर जाता येत नसे. नोंद झालेला माणूस संशयास्पद स्थितीत आढळला तर तेवढ्यावरून त्याला शिक्षा होऊ शके. मुंबई इलाख्यात सोलापूरसारख्या ठिकाणी कुंपणाआडच्या वसाहती उभारल्या गेल्या. 'सेटलमेंट' हा इंग्रजी शब्द तेथील बोलीत रुळून गेला.

या साऱ्या यंत्रणेत तत्त्वचिंतनाच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण तरतूद पोलिसी अधिकाराची नाही. अमुक जमात गुन्हेगार आहे या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयात तपासली जाणार नाही, असे १८७१ च्या कायद्यात नमूद होते. व्यक्तीने कोणता गुन्हा केला हा प्रश्नच तेथे अप्रस्तुत ठरतो. एखाद्याने आयुष्यभर चोरी केली नाही, तरी त्यामुळे निवाडा बदलत नाही. बंदोबस्त परिणामकारक ठरला, एवढाच त्याचा अर्थ लावला जातो. चोरी केली तर निवाडा सिद्ध होतो, न केली तरी सिद्धच राहतो. जे विधान कोणत्याही अनुभवाने खोटे ठरू शकत नाही ते ज्ञानाच्या कक्षेतून केव्हाच बाहेर गेलेले असते. ते ज्ञानाची भाषा तेवढी बोलत राहते.

या कायद्याचा उगम केवळ युरोपीय वंशविज्ञानात शोधणे सोयीचे असले तरी वस्तुस्थितीला धरून नाही. जन्मजात गुन्हेगाराची शारीरिक लक्षणे सांगणारा लोम्ब्रोझोचा प्रसिद्ध इटालियन ग्रंथ १८७६ मधला, म्हणजे कायद्यानंतरचा आहे. कायद्याच्या पुरस्कर्त्यांनी आपला युक्तिवाद येथील जातिव्यवस्थेतून उचलला होता. सुताराचा मुलगा सुतार होतो, विणकराचा विणकर होतो, तेव्हा चोराचा मुलगाही चोरच होणार, अशी ती विचारसरणी होती. वंशकल्पनेला रक्ताची साक्ष लागते. येथे परंपरागत व्यवसायाची साक्ष पुरेशी ठरली. परक्या सत्तेने येथील समाजाचाच एक सिद्धान्त घेतला, त्याला राजमुद्रा लावली आणि तो समाजाला परत केला. म्हणूनच ३१ ऑगस्ट १९५२ रोजी कायदा देशभर रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, तरी गावाच्या वेशीवरचा आणि पोलीस ठाण्यातला निवाडा तसाच राहिला. त्याला कायद्याच्या आधाराची गरज आरंभापासूनच नव्हती. पुढे राज्याराज्यांतून 'सराईत गुन्हेगारां'विषयीचे कायदे आले. त्यांची भाषा व्यक्तीची होती, पण संशयाची बोटे बहुतेक वेळा त्याच वस्त्यांकडे वळत राहिली. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुकन्या शांता खटल्यात कारागृहांच्या नियमपुस्तिकांतील जातिभेदमूलक तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा निर्देश दिला. तो रकाना कायदा रद्द झाल्यावरही सात दशके टिकून होता.

३

नोंदवह्या केवळ शासनाच्या कपाटात नसतात. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या यादीत 'राजपूत भामटा' ही एका समाजाची नोंद आहे. नित्याच्या मराठीत 'भामटा' म्हणजे लबाड, फसवणारा. समाजाचे नाव शिवीत उतरले की शिवी समाजाच्या नावात चढली, हा व्युत्पत्तीचा वाद येथे बाजूला ठेवता येईल. हा शब्द कोणाच्याही मनात आकस नसताना, वर्तमानपत्राच्या मथळ्यातसुद्धा, सहज वापरला जातो आणि प्रत्येक वापरात एका जमातीवरचा निवाडा नव्याने उच्चारला जातो. पूर्वग्रह हा मनातला विकार आहे असे म्हणणाऱ्याला या उदाहरणाचा उलगडा करता येणार नाही. येथे कोणाचेही मन दूषित असण्याची गरज नाही. भाषा बोलता येणे पुरेसे आहे.

या पार्श्वभूमीवर लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांची शीर्षके लक्षणीय ठरतात. दोन्ही शब्द इतरांनी दिलेले आहेत. 'उपरा' हे गावाने बाहेरून आलेल्याला दिलेले विशेषण, तर 'उचल्या' हा उघड आरोपच आहे. ते लेखकाच्या नावाशेजारी, एकवचनात, मुखपृष्ठावर आले की त्यांचे व्याकरण बदलते. नोंदवहीतील नाम अनेकवचनी असते, आणि तेथे एकजण दुसऱ्याच्या जागी चालतो. आत्मकथनातील नामाला 'मी' म्हणणारा कर्ता असतो, आणि जो 'मी' म्हणतो त्याला उलट प्रश्न विचारता येतो, त्याचे उत्तरही ऐकावे लागते.

'उचल्या'तील निवेदक निर्दोषत्वाचा दावा करत नाही, ही गोष्ट नैतिकदृष्ट्या विशेष महत्त्वाची आहे. चोरी, भूक, पोलिसांचे छापे, मारझोड, शाळा, लातूरची सूतगिरणी आणि तेथील संघर्ष या साऱ्यांचे कथन तेथे येते आणि चोरीचे वर्णन झाकलेले नाही. अण्णा भाऊ साठे यांच्या 'फकिरा'चा (१९५९) मार्ग याहून निराळा होता. दुष्काळात लोकांसाठी धान्य आणि खजिना लुटणारा फकिरा हा वीरपुरुष आहे. त्याच्या लुटीला बंडाचे तेज आहे. गायकवाडांच्या कथनातील चोरीला असे तेज नाही. तेथे ती उपजीविका आहे, भयाने ग्रासलेली आणि बहुधा अपुरी पडणारी. 'ते चोर नाहीत' असे सिद्ध करून पूर्वग्रह दूर करू पाहणाऱ्या उदार वाचकाची त्यामुळे पंचाईत होते. त्याच्या सहानुभूतीला निष्पाप बळी हवा असतो. निष्पाप असणे ही न्याय मिळण्याची अट ठरवली की अंतरिम निवाड्याचेच चक्र उलट्या दिशेने फिरू लागते. इतर कोणत्याही नागरिकाला चूक करूनही व्यक्ती म्हणून न्यायालयासमोर उभे राहता येते. त्याच्या चुकीचा हिशेब त्याच्या भावंडांकडून मागितला जात नाही. हे कथन नेमकी तीच साधी समता मागते. 'मानी'पासून 'उचल्या'पर्यंत कोणताही शब्द ती परस्पर देऊ शकत नाही.

'उपरा'मध्ये आणखी एक पदर आहे. कैकाडी समाजातील निवेदकाला गावाने बाहेरचा मानलेलेच असते. आंतरजातीय विवाहानंतर त्याची स्वतःची जातपंचायतही त्याच्या विरोधात उभी राहते. सुनावणीविना निवाडा करण्याची वृत्ती ही सत्ताधारी वर्गाची मिरासदारी नाही, हे सत्य सांगण्याचे धैर्य या कथनात आहे. पीडित समाजाला नैतिक दृष्ट्या एकसंध आणि निर्मळ मानणाऱ्या वाचनाला ते मानवणारे नाही.

आता मराठी समीक्षेच्या व्यवहाराकडे वळावे लागते. या दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचे पुरस्कार मिळाले आणि त्यांचे स्वागत मोठ्या प्रमाणावर झाले. त्या स्वागताच्या शब्दावलीत 'सामाजिक दस्तऐवज', 'जमातीचे प्रातिनिधिक चित्रण', 'अपरिचित जगाचे दर्शन' असे शब्दप्रयोग वारंवार येतात. ते सद्भावनेने योजलेले आहेत, यात शंका नाही. तथापि दस्तऐवज ही गोष्ट तपासावयाची असते, तिच्याशी संवाद करावयाचा नसतो; आणि प्रतिनिधी तोच, ज्याच्या जागी दुसरा कोणीही चालू शकला असता. मध्यमवर्गीय लेखकाच्या आत्मचरित्रात समीक्षक शैली, स्मृतीची निवड, आत्मवंचना आणि विनोद शोधतो; विमुक्त लेखकाच्या आत्मकथनात तो माहिती शोधतो. एकाला व्यक्ती म्हणून वाचले जाते, दुसऱ्याला नमुना म्हणून. नोंदवहीतली तुच्छता या वाचनात नाही, पण तिची रचना कायम आहे.

४

यावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो. प्रत्येकाला व्यक्ती म्हणून पाहा, असा आग्रह धरणे ही प्रस्थापितांच्या सोयीची भूमिका नव्हे काय? विमुक्त आणि भटक्या समाजांवरील अन्याय समूह म्हणून झाला. त्याचे परिमार्जनही समूह म्हणूनच मागावे लागते. आरक्षण, शिधापत्रिका, जातीचा दाखला, घरासाठी जमीन यांपैकी काहीही यादीवाचून मिळत नाही. जमातीचे नाव पुसून टाकले तर अन्यायाचा पुरावाही पुसला जाईल. रेल्वे आल्याने बंजारांचा धान्य आणि मीठ वाहण्याचा व्यवसाय बुडाला, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने पारध्यांची शिकार बेकायदा ठरली, हा इतिहास व्यक्तींचा नाही, समूहांचा आहे.

आक्षेप ग्राह्य आहे आणि त्यामुळे मूळ प्रतिपादन सोडावे लागत नाही, नेमके करावे लागते. दोष वर्गीकरणात नसतो. वर्गीकरण कोणाच्या उत्तराला बांधलेले आहे यात असतो. १८७१ च्या यादीतून आपले नाव काढून घेण्यासाठी न्यायालयात जाण्याचा मार्ग बंद होता. विमुक्तांच्या आजच्या यादीविषयी वाद घालता येतो, आयोगासमोर निवेदन देता येते, नाव चुकले असल्यास दुरुस्तीची मागणी करता येते आणि त्या यादीचा लाभ न घेण्याचेही स्वातंत्र्य असते. एक नाव आरोप म्हणून लादलेले आहे, दुसरे हक्क म्हणून धारण केलेले आहे. अर्थात हक्काचे नावही आरोपाकडे घसरू शकते. दाखला पाहताच समोरच्या विद्यार्थ्याची बुद्धिमत्ता ठरवून टाकणारा अध्यापक तेच करत असतो. म्हणून हा भेद एकदा करून संपत नाही. प्रत्येक प्रसंगी तो पुन्हा तपासावा लागतो.

निःपूर्वग्रह वाचक किंवा निःपूर्वग्रह समाज हे ध्येय म्हणून फारसे उपयोगी नाही. जो आपण निःपूर्वग्रह झालो असे समजतो तो सुनावणीची गरजच संपली असे मानू लागतो. त्यापेक्षा अधिक माफक आणि अधिक कठीण असे एक कर्तव्य शिल्लक राहते. आपला निवाडा कोणत्या पुराव्याने बदलेल, हे स्वतःला विचारणे. आणि त्याचे उत्तर 'कोणत्याही नाही' असे आले तर तो निवाडा मागे घेणे. समीक्षेच्या बाबतीत या कर्तव्याला अगदी ठोस रूप देता येते. 'उचल्या' वाचताना त्यातील माहितीइतकेच त्या 'मी'च्या बोलण्याचे ताल, त्याने गाळलेल्या जागा आणि स्वतःवरच रोखलेली त्याची नजर यांच्याकडे पाहणे, आणि कृती कमकुवत वाटली तर तेही इतर कोणत्याही लेखकाला सांगावे तसे स्पष्टपणे सांगणे. सवलतीने केलेली स्तुती हाही सुनावणीविना दिलेला निवाडाच असतो. तो अनुकूल आहे एवढ्याने न्याय्य ठरत नाही.