पाकिटावरची दोन अक्षरं

शाळेतल्या मराठीच्या बाईंचे यजमान गेले. विनूला कळलं तेव्हा तेरावाही होऊन गेला होता. फोनवर बाई ‘बरी आहे’ एवढंच म्हणतील, हे त्याला ठाऊक होतं. म्हणून त्यानं पत्र लिहायला घेतलं. यजमान बाईंना सायकलवरून शाळेत सोडायला यायचे, पावसात वर्गाबाहेर छत्री झटकत उभे राहायचे. आठवलं तेवढं सगळं कागदावर उतरलं. पेन अडलं ते पाकिटावर.

‘सौ.’ लिहून त्यानं खोडलं.

वडील म्हणाले, “गं. भा. लिही. रीत आहे ती.”

काकांची हयात कचेरीत गेलेली. ते म्हणाले, “श्रीमती लिही. कुणी बोट ठेवणार नाही.”

आजी तांदूळ निवडत होती. ताटावरची नजर न काढता म्हणाली, “तुझे आजोबा गेले तेव्हा मी तिशीत होते. पंधराव्या दिवशी माझ्या भावाचं पत्र आलं. आत सगळी मायाच होती, पण वर ‘गं. भा.’ बघितलं आणि उंबऱ्यातच बसले. कपाळावरचं गेलंच होतं, त्या दिवशी नावाआधीचंही गेलं. पाकीट उघडायला मला चार दिवस लागले.”

कुणी काही बोललं नाही.

“आपल्या जिल्ह्यातल्या हेरवाडनं २०२२ साली ठराव केला ना, नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत? आणि तुम्ही त्या पोस्टानं फोडायला निघालात!”

“मग लिहायचं तरी काय?” वडिलांनी विचारलं.

आजी विनूकडं वळली. “शाळेत काय म्हणायचास तिला?”

“बाई.”

“मग तिच्या घरचं माणूस गेलं, तुझ्या बाई कुठं गेल्या? सांत्वनाला गेलेल्यानं दारातच कपाळाकडं बघू नये. पाकीट म्हणजे पत्राचं दारच की.”

विनूनं बाईंचं नाव लिहिलं आणि त्याला ‘बाई’ जोडलं. आधी काहीच लावलं नाही.

दहा दिवसांनी बाईंचं कार्ड आलं. अक्षर तेच, वळणदार:

‘पत्र जपून ठेवलं आहे. “स्मृती”तला “ती” दीर्घ, किती वेळा सांगितलं होतं! बाकीची पाकिटं अजून उघडायची आहेत. पत्ता मात्र बिनचूक लिहिलास.’