न आलेल्यांचा हिशेब

जर्मनीतील ८६ शाळांमधून १२,३७७ प्रश्नावल्या वाटण्यात आल्या. पालकांच्या संमतीसह भरून परत आल्या ३,९४१. त्यांतून ४७७ मुलींना अॅनोरेक्सियाचा, म्हणजे वजन वाढण्याच्या भीतीपोटी स्वतःची उपासमार करून घेण्याच्या आजाराचा, धोका असल्याचे दिसले. त्यांपैकी २५६ जणींच्या घरी संपर्क होऊ शकला, आणि प्रत्यक्ष सहभागी झाली ६६ कुटुंबे. वर्षभरानंतरच्या तपासणीपर्यंत त्यांतली २७ उरली. ड्रेस्डेनच्या कोरिना याकोबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. आजार होण्याआधीच रोखण्यासाठीचा हा कार्यक्रम ऑनलाइन होता, पालकांनी घरबसल्या करायचा. तरीही धोक्यातल्या दर सात मुलींमागे एकीचेच घर त्यात आले.

सहभागी मिळवणे हे संशोधनातले कारकुनी काम मानले जाते. खरे संशोधन त्यानंतर सुरू होते, अशी समजूत असते. मला हे मान्य नाही. आजार होण्याआधीच मदत पोचवू पाहणाऱ्या उपक्रमाची खरी परीक्षा इथेच होते, कारण ज्यांना तो हवा त्यांनाच तो नकोसा वाटतो.

याच्या शेजारी अमेरिकेतला एक अभ्यास ठेवून पाहावा. स्टॅनफर्डच्या सी. बार टेलर यांच्या गटाने ‘स्टुडंट बॉडीज’ या आठ आठवड्यांच्या इंटरनेट कार्यक्रमाची चाचणी घेतली. निष्कर्ष २००६ मध्ये आले. महाविद्यालयांतले ईमेल, भित्तिपत्रके आणि प्रसारमाध्यमे यांतून आवाहन करून ४८० तरुणी मिळाल्या. त्यांच्या मनातली वजनाची चिंता लक्षणीय कमी झाली. पण या तरुणी आपणहून आल्या होत्या. ‘मला माझ्या शरीराची काळजी वाटते’ हे त्यांना स्वतःशी कबूल करता येत होते. अॅनोरेक्सियाच्या वाटेवरच्या मुलीला बहुधा ते करता येत नाही. कमी होणारे वजन तिला यश वाटते, शिस्त वाटते. वर्गात नंबर काढणारी, रोज धावणारी, गोड न खाणारी मुलगी घरच्यांनाही कौतुकाचीच वाटते. अशा घरी फोन करून ‘तुमची मुलगी धोक्यात आहे’ म्हटले, तर ‘आमच्याकडे तसे काही नाही’ हे उत्तर ठरलेले. त्या पालकांना बेजबाबदार म्हणणे अन्यायाचे होईल. जे अजून घडलेलेच नाही त्यासाठी वेळ द्या, असे आपण त्यांना सांगत असतो.

मग आवाहन कसे करावे? जाहिरातीचा मार्ग सोपा दिसतो, पण अरुंद आहे. जाहिरातीने वाचणाऱ्याच्या शारीरिक वा मानसिक आरोग्याबद्दल काही गृहीत धरू नये, असा फेसबुकचा नियम आहे. नियम योग्यच आहे. पण त्यामुळे ‘जेवणानंतर तुला अपराधी वाटते का?’ असा थेट प्रश्न विचारता येत नाही. शिवाय ‘निरोगी शरीर’ असे मोघम शीर्षक दिले, तर वजन कमी करण्याचे उपाय शोधत मुली येण्याची भीती. काही जण सुचवतात की आजाराचे नाव गाळावे. ताण, झोप, आत्मविश्वास यांविषयी बोलावे. पहिल्या ओळीपुरते हे मला पटते. सतत खाण्याचाच विचार डोक्यात असणे, थकवा, मैत्रिणींसोबत जेवायला जाणे टाळणे हे मुलीला स्वतःला जाणवलेले असते. तिथून बोलणे सुरू करावे. मात्र संमती मागण्याच्या क्षणी कार्यक्रम कशासाठी आहे ते स्वच्छ सांगितलेच पाहिजे. शरीरावरचा विश्वास गमावत चाललेल्या मुलीला फसवून आत घेणे मला अक्षम्य वाटते.

हायडलबर्गच्या गटाने ‘प्रोयूथ’ या कार्यक्रमासाठी शाळांमध्ये वेगवेगळे मार्ग ताडून पाहिले: कुठे नुसती माहितीपत्रके पाठवली, कुठे प्रत्यक्ष जाऊन मुलांशी बोलणे झाले. अधिक कष्टाचे मार्ग अधिक परिणामकारक ठरले. म्हणजे ऑनलाइन कार्यक्रमाकडे येण्याची वाटही माणसामार्फतच जाते. सगळ्या वर्गाला एकदम सांगितले की कोणा एकीवर बोट रोखले जात नाही, हाही त्याचा मोठा गुण. मुलगेही तिथेच बसलेले असतात. दंड फुगवण्याच्या ध्यासापायी जेवणाचे हाल करणाऱ्या मुलांपर्यंत मुलींसाठी लिहिलेली आवाहने पोचतच नाहीत.

भारतात असे काही उभे करायचे झाले तर २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा विचार आधी करावा लागेल. त्यात अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती अपेक्षित आहे. आईने ताटावरून बोलू नये म्हणून सगळे लपवणारी मुलगी आईचीच सही कशी मागणार? म्हणून पालकांच्या सभेत हा विषय आधी, कोणाच्याही मुलीचे नाव न घेता निघायला हवा, आणि त्यासाठी शिक्षकांना वेळ व मोबदला मिळायला हवा. अनुदानाच्या प्रस्तावात सॉफ्टवेअरसाठी रक्कम असते, तशी या कामासाठी स्वतंत्र रक्कम मागितली पाहिजे. आणि निष्कर्ष छापताना किती जणींना फायदा झाला याच्या आधी, किती जणींना विचारले आणि किती जणी आल्या नाहीत, हे छापले पाहिजे. याकोबींच्या गटाने ते छापले, म्हणूनच आज या प्रश्नावर बोलता येते.