सीवकाचा प्रश्न

नागपूरच्या लॅबमध्ये मी आयुष्यभर रक्ताच्या काचा पाहिल्या. लिशमन स्टेन दिला की इओसिनोफिल लगेच ओळखू येतो: केशरी दाण्यांनी गच्च भरलेला, आत चष्म्याच्या दोन भिंगांसारखं केंद्रक. या पेशी वाढल्या की आपल्याकडे आधी जंताची गोळी. बहुतेकांचं तेवढ्यावर भागतं.

धाकट्या बहिणीचं भागलं नाही. जुना दमा, मग तळपायाला मुंग्या, लघवीला फेस, चढतं क्रिएटिनिन. इओसिनोफिलचा काउंट पाचशेच्या आत हवा, तो हजारांत. बायोप्सीनंतर निदान झालं, ईजीपीए. १९५१ साली चर्ग आणि स्ट्रॉस यांनी वेगळा ओळखलेला हा आजार. बारीक रक्तवाहिन्या सुजतात, त्यात कधी मूत्रपिंडाच्या गाळण्याही सापडतात.

शेजारच्या काकू म्हणाल्या, "मागच्या जन्मीचं असतं बाई, फेडावंच लागतं." माझं डोकं तापलं. आमच्या घरानं हे गाठोडं छप्पन्न सालीच दीक्षाभूमीवर टाकलंय.

संयुत्त निकायात सीवक नावाचा परिव्राजक बुद्धाला हेच विचारतो: माणूस भोगतो ते सगळं पूर्वकर्माचंच का? बुद्ध कारणं मोजतो. पित्त, कफ, वात, तिन्ही एकत्र, ऋतुबदल, वागण्यातली हयगय, बाहेरून झालेला घात. कर्मविपाक येतो तो आठवा. सगळंच कर्मावर ढकलणारे चुकतात, असं तो स्वच्छ सांगतो.

हे मी बहिणीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "दादा, पाप असतं तर बरं झालं असतं. फेडता तरी आलं असतं."

इथे माझी पंचाईत झाली. बुद्ध चेतनेला, म्हणजे हेतूला, कर्म म्हणतो, आणि पेशीला कसली चेतना? जंतांसाठी राखलेलं विष ती आपल्याच माणसाच्या अंगात ओतते, त्यात ना सूड ना शिक्षा. मग रागवायचं कुणावर?

ईजीपीएच्याच एका भावंड-आजारात २००३ साली सापडलं की चौथ्या गुणसूत्राचा बारीक तुकडा गळून दोन जनुकं जोडली जातात. त्यावर इमॅटिनिबची गोळी लागू पडते. ती कुठल्या जन्मीचं पाप धुते? कर्मवादी म्हणेल, गोळी मिळाली हेही पूर्वपुण्यच. कशालाही पुरणाऱ्या या उत्तरावरच माझी हरकत आहे.

बहिणीचं सायक्लोफॉस्फमाइड चालू आहे. स्टेरॉइडनं चेहरा गोल झालाय, लघवीतलं प्रोटीन उतरतंय. काकू बिनमिठाची भाजी घेऊन येतात. मागच्या जन्माचा विषय आता त्या काढत नाहीत, बहीणच काढते.