तो राग शोकाचा नव्हे

दरड कोसळो, बस दरीत जावो, की वसतिगृहात एखाद्या मुलाने जीव देवो. चार दिवसांत मागणी येतेच, समुपदेशक पाठवा. मागणी सद्भावनेची असते. दरडीखाली गेलेल्या माळीण किंवा इर्शाळवाडीत मागे उरलेल्यांजवळ कुणी तरी जाणते माणूस बसावे, यात गैर काही नाही. पण चर्चा तिथून थेट संख्येवर जाते: जिल्ह्यात समुपदेशक किती, प्रशिक्षण किती दिवसांचे, प्रमाणपत्र कोण देणार. शोकाबद्दल त्यांना नेमके शिकवतात काय, हा प्रश्न निघतच नाही.

अजूनही बऱ्याच ठिकाणी शिकवले जातात ते पाच टप्पे. नकार, राग, घासाघीस, नैराश्य आणि शेवटी स्वीकार. शोकाचा अभ्यास फ्रॉइडच्या १९१७ च्या निबंधापासून चालू आहे. बॉस्टनच्या कोकोनट ग्रोव्हमधल्या १९४२ च्या आगीनंतर लिंडेमनने केलेले काम आहे, वर्डनने मांडलेली शोकाची कार्ये आहेत. तरी लक्षात राहतात ते हे पाचच, कारण ते एका स्लाइडवर मावतात.

हे टप्पे मांडणारे एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांचे १९६९ चे पुस्तक मरणपंथाला लागलेल्या रुग्णांशी झालेल्या संवादांतून आले. स्वतःचा मृत्यू समोर दिसत असलेल्या माणसाचे ते वर्णन होते. नवरा गेल्यावर जिला पुढची चाळीस वर्षे घर चालवायचे आहे, त्या बाईचे ते नव्हते. जाणाऱ्याच्या मनाचा आलेख उरलेल्याच्या मनावर ठेवला गेला आणि दोघांच्या प्रश्नांतला फरक पुसला गेला.

यावर ठरलेले उत्तर असते की टप्पे क्रमानेच येतात असे त्यांनीही म्हटले नव्हते, तो ढोबळ नकाशा आहे आणि त्याने लोकांना धीर येतो. ‘मला होतंय ते वेगळं नाही’ हे कळण्याचा आधार मोठा असतो, हे मलाही मान्य आहे. पण क्रम काढून घेतला तर टप्पे उरत नाहीत, पाच भावनांची यादी उरते. आणि यादी म्हणून पाहिली तर तीही अपुरी आहे. आत्महत्या झालेल्या घरात सर्वात आधी जाणवते ती अपराधी भावना. तिला वेगळी जागा नाही. आठ वर्षे अंथरुणाला खिळलेल्या सासूची सेवा करणाऱ्या सुनेला तिच्या मृत्यूनंतर सुटल्यासारखे वाटते आणि त्याचीच लाज वाटते. तिने स्वतःला कुठे शोधायचे? भीतीही यादीत नाही. ज्यांना यात आपले काहीच सापडत नाही, त्यांना तो नकाशा धीर कसा देणार?

खरी हानी मात्र दुसऱ्या टप्प्यावर होते. यवतमाळमधले एखादे घर घ्या. शेतकऱ्याने आत्महत्या केली की प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते जिल्ह्याची समिती ठरवते. जमीन कुणाच्या नावावर होती, कर्ज बँकेचे की परवानाधारक सावकाराचे, वसुलीचा तगादा होता का, हे सारे तपासले जाते. पात्र ठरले तर एक लाख: तीस हजार हातात, सत्तर हजार ठेवीत. अपात्र ठरले तर काही नाही. कर्ज नात्यातल्या माणसाकडून तोंडी घेतलेले असेल तर त्याचा कागद कुठून आणायचा? सातबारावर वारस नोंद व्हायची तर दिरांचा विरोध. ही बाई संतापली आहे. पाच टप्पे शिकून आलेला समुपदेशक तिच्यासमोर बसतो आणि मनात नोंद करतो: टप्पा दुसरा. तिचा राग समितीवर आहे, दिरांवर आहे. पण त्याच्या वहीत तो शोकाचे लक्षण होऊन बसतो, आणि लक्षण वेळेबरोबर ओसरावे अशीच अपेक्षा असते. ओसरले की स्वीकार. हा स्वीकार कुणाच्या सोयीचा?

दुःखावर गोळ्या पुरेत असे म्हणणाऱ्यांशी वाद घालण्यात अर्थ नाही. आपला दहावा-तेरावा असताना समुपदेशक कशाला, असे विचारणाऱ्यांनी त्या तेरा दिवसांत विधवेच्या वाट्याला काय येत आले ते आठवावे.

मला जो भेद महत्त्वाचा वाटतो तो इथे आहे. एक दुःख माणूस गेल्याचे. ते कुणी काढून घेऊ शकत नाही. त्याला सोबत लागते, वेळ लागतो, आणि बहुतेक माणसे ते आपल्या माणसांत, उपचाराविना सोसतात. दुसरे दुःख मागे राहिलेल्यांनी त्यावर चढवलेले. ते काढता येते. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे, मंगळसूत्र तोडणे बंद करण्याचा ठराव केला. त्या ठरावाने कुणाचा नवरा परत आला नाही, पण चढवलेल्यातले काही उतरवण्याची वाट दाखवली. तिथे समुपदेशनाने भागले नसते.

ही विभागणी नेहमी स्वच्छ होते असे नाही. काही माणसे शोकात खरोखर अडकतात. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या सुधारित निदानग्रंथात दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या शोकाला विकार म्हणून जागा मिळाली आहे, प्रौढांसाठी किमान बारा महिन्यांची अट घालून; जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात ती अट सहा महिन्यांची आहे. अशा माणसाला ओळखून तज्ज्ञाकडे पाठवणे समुपदेशकाला यायलाच हवे. पण वारस नोंद अडली म्हणून जी बाई बारा महिन्यांनंतरही रोज रडते, तिचे निदान त्या नोंदीकडे न बघता कसे करणार? स्ट्रोब आणि शूट या संशोधकांनी १९९९ मध्ये मांडले की शोकग्रस्त माणूस गेलेल्याच्या आठवणी आणि नव्याने उभे राहण्याची कामे यांत येरझाऱ्या घालतो. मला ते पटते. फक्त आपल्याकडे ती कामेच दुसरे कुणी तरी अडवून धरलेली असतात.

मग समुपदेशकाने कार्यकर्ता व्हावे का, असे विचारले जाते. नाही. तिच्या वतीने अर्ज करणे त्याचे काम नव्हे. अर्ज कोणता, तो कुठे द्यायचा आणि अडवतो कोण, हे त्याला ठाऊक असायला हवे. म्हणून प्रशिक्षणात मानसशास्त्राच्या तासांबरोबर काही दिवस तहसील कार्यालयात आणि काही दिवस एकट्या बायकांच्या संघटनांबरोबर गेले पाहिजेत. परीक्षेत पाच टप्पे विचारू नयेत. एका घराची हकीकत द्यावी, बाईने बोललेले सगळे त्यात असावे, आणि विचारावे: यातले काय तुम्ही नुसते ऐकून घ्याल, आणि कशासाठी तिला कुणाकडे पाठवाल?