स्यात् मराठी

फेब्रुवारी २०११. खानेसुमारीचे कागद घेऊन मी बेळगावच्या एका गल्लीत फिरत होतो. मास्तरकीच्या पाठोपाठ ही कामं येतातच. वय, शिक्षण, धंदा भराभर लिहून झालं. मातृभाषेपाशी एक आजी अडली.

"आई कन्नड बोलायची म्हणे. मी तान्ही असताना गेली. आत्तीनं वाढवलं, तिची मराठी. देवाला मराठीतच मागतो मी. पण ठेच लागली की तोंडात 'अव्वा'च येतं. तुमीच लिवा काय ते."

नियम स्पष्ट होता. लहानपणी आई आपल्याशी बोलली ती मातृभाषा. आई तान्हेपणीच गेली असेल तर घरात बोलत ती. मी 'मराठी' लिहिलं. 'कन्नड' पुढच्या रकान्यात, इतर भाषांत गेलं. आईची हाक 'इतर' झाली.

आमच्या गावात हा रकाना जड आहे. १९५६ साली बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेलं. या सीमावादावर १९६६ मध्ये महाजन आयोग नेमला गेला, २००४ मध्ये महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला, आणि दर वेळी कोण किती हा हिशेब निघाला. नगरपालिकेच्या नोटिसा कुठल्या भाषेत निघाव्यात, हेही टक्क्यांवरच येतं. म्हातारीच्या एका शब्दावर दोन राज्यांचा डोळा!

संध्याकाळी किल्ल्यातल्या कमल बस्तीत गेलो. रट्ट राजांच्या काळातलं, १२०४ सालचं हे जिनमंदिर. छताच्या दगडी कमळाखाली बसलो की लहानपणी ऐकलेली प्रवचनं आठवतात. वस्तूला अनेक बाजू असतात. एका बाजूनं बोलणं म्हणजे नय, आणि बाकीच्या बाजू खोट्या ठरवणारा तो दुर्नय.

खानेसुमारी हा नयच. शाळा कुठल्या भाषेच्या नि किती काढायच्या, हे ठरवायला तो लागतो. रकान्यावर माझा राग नाही. पण तोच आकडा मोर्चात शिरला की म्हणतो, या घरात दुसरी भाषा नव्हतीच. तिथं नयाचा दुर्नय होतो.

त्याच प्रवचनांतला शब्द 'स्यात्'. त्याचा अर्थ 'कदाचित' असं लोक समजतात. आमचे पंडित सांगत, 'स्यात्' म्हणजे 'एका अपेक्षेनं'. आत्तीच्या अपेक्षेनं आजी मराठी, ठेचेच्या अपेक्षेनं कन्नड. यातलं कुठलंच विधान संशयाचं नाही.