घरकामातला मुलांचा वाटा

घरकामातून मुलांच्या अंगी जबाबदारी बाणवायची, तर त्यांच्याकडे सोपवलेले काम खरे असावे लागते. जे राहिले तर घरात कुणाची तरी अडचण होते, ते काम खरे. सहा-सात वर्षांच्या मुलाकडे पिण्याच्या पाण्याचा माठ सोपवला, की तो विसळणे, तांब्या-तांब्याने पाणी गाळून भरणे, सांडलेले पुसणे आणि झाकण ठेवणे हे सगळे त्याचे. एखाद्या संध्याकाळी ते राहून गेले, तर जेवायला बसल्यावर माठाच्या तळाशी ओगराळे खरडते आणि सगळ्यांना कळते. अशा वेळी रागावण्याची गरज नसते. मात्र आईने उठून पटकन माठ भरला, तर ते काम पुन्हा तिचेच होते. मुलाला उठू द्यावे, बाकीच्यांनी तेवढा वेळ थांबावे.

मोठ्यांना हे थांबणेच जड जाते. मुलाने घातलेली घडी त्याच्यादेखत मोडून पुन्हा घातली, तर आपले काम कुणाला नको आहे एवढेच ते शिकते. सकाळी शाळेच्या गडबडीत नवे काम शिकवायला घेऊ नये. त्यासाठी सुट्टीचा दिवस बरा. आधी करून दाखवावे, मग सोबत करावे, मग बाजूला व्हावे. तीन-चार वर्षांचे मूल मटार सोलते, चपला ओळीने लावते. दहाव्या-अकराव्या वर्षी वरण-भाताचा कुकर लावायला शिकता येते.

शिक्षणाच्या क्षेत्रात हा विचार जुना आहे. मारिया माँटेसरी यांनी 1907 साली रोममध्ये सुरू केलेल्या बालगृहात झाडणे, पुसणे, वाढणे हा शिक्षणाचाच भाग होता. ती दृष्टी आपल्या मातीत रुजवणाऱ्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीत गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचे काम उभे केले. 1937 च्या वर्धा परिषदेत गांधीजींनी मांडलेल्या नई तालीममध्ये हाताचे काम शिक्षणाच्या मध्यभागी आले, आणि सेवाग्रामच्या शाळेत सफाई, स्वयंपाक, शेती ही कामे मुले करू लागली.

कामाबद्दल खाऊ किंवा पैसे देण्याची सवय लावू नये. पैसे मिळू लागले की 'आज मला पैसे नकोत' म्हणून काम नाकारण्याची मुभाही मिळते. घरकाम शिक्षा म्हणूनही देऊ नये. भांडण केले म्हणून भांडी घासायला लावलेल्या मुलाला भांडी घासणे कायमचे कमीपणाचे वाटू लागते, आणि रोज ती घासणारी बाईही.

सगळ्यात मोठी चूक वाटणीत होते. 2019 च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात, सहा वर्षांवरील स्त्रियांपैकी सुमारे 81 टक्के बिनमोबदला घरकामात होत्या. पुरुषांपैकी सुमारे 26 टक्के. बाकीच्यांतले कितीतरी पुरुष ज्या घरांत वाढले, तिथे पानावरून उठल्यावर ताट बहिणीने उचलायचे असा रिवाज होता. मुलीला 'सासरी उपयोगी पडेल' म्हणून पोळ्या शिकवल्या जातात, मुलाला फार तर बाजारातून सामान आणायला पाठवतात. हा अन्याय घरातच सुरू होतो आणि घरातच थांबवता येतो. भाऊ-बहिणींच्या कामांची दर महिन्याला अदलाबदल केली, तर कुठलेही काम कुणा एकाच्या जन्माला चिकटत नाही.

या सगळ्याला एक मर्यादा आहे, आणि ती फार महत्त्वाची आहे. बालमजुरीविरोधी कायद्यातील 2016 च्या दुरुस्तीनुसारही चौदा वर्षांखालील मुलाने कुटुंबाला मदत करायची ती शाळेच्या वेळेनंतर किंवा सुट्टीत, आणि धोक्याच्या कामात नाही. घरकामामुळे अभ्यास, खेळ किंवा झोप बुडाली, की तो शिक्षणाचा भाग राहत नाही. बीडहून ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांत आई-वडील पहाटे फडात गेल्यावर थोरली मुलगी कोपीवर, म्हणजे तिथल्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळते, चूल पेटवते आणि तिची शाळा सुटते. अशा मुलांना गावातच राहून शिकता यावे, म्हणून तिथे हंगामी वसतिगृहे चालवली जातात.